जठराग्नी आणि सोवळे

भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायात ईश्वर प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन अन्न पचवतो. जठरातले आम्ल हा त्या अग्नीचाच पुरावा, असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. उपाशीपोटी या आम्लाचा पीएच साधारण १ ते २ असतो आणि अन्नाबरोबर आलेले बहुतेक जिवाणू त्यात मरतात. आम्ल घटवणारी औषधे दीर्घकाळ घेतली, की जठरात जिवाणूंची संख्या वाढते, आतड्याच्या संसर्गाचा धोकाही वाढतो. म्हणजे अग्नी शुद्ध करतो, हे सिद्धच झाले की! पण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू युरियापासून अमोनिया तयार करतो, स्वतःभोवतीचे आम्ल बोथट करतो आणि तिथेच बिऱ्हाड थाटतो. या जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले.

गीतेला पचन अभिप्रेत आहे, जंतुनाश नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो मला मान्य आहे. श्लोकात रसायनशास्त्र शोधू नये ते त्याचसाठी. देहाचा दाखला द्यायचाच, तर तो निखळ शुद्धीच्या कल्पनेविरुद्ध जातो: निरोगी जठरही निर्जंतुक नसते. मग सोवळे-ओवळे सारेच फोल? तसेही नाही, उंबरठ्यावर पहारा लागतोच. मात्र तो पहारा बाहेरच्यांशी झालेल्या व्यवहारातून ठरतो. पायलोरीच्या जुनाट संसर्गाने काहींच्या जठराचे अस्तर झिजते, आम्ल घटते, आणि एरवी दारातच मेले असते असे इतर जिवाणूही मग आत वस्ती करतात.