एक नाम, अनेक संत: नाममुद्रा आणि कर्तृत्वाचा प्रश्न

मराठी संतवाङ्मयात अभंगाच्या अखेरच्या चरणात रचनाकाराचे नाव गुंफण्याची रूढी आहे. या नावाला नाममुद्रा म्हणतात. नाममुद्रेवरून रचना कोणाची हे कळावे अशी अपेक्षा असते. परंतु एकाच नावाचे दोन कवी वेगवेगळ्या काळी होऊन गेले, किंवा एखाद्याने श्रद्धेपोटी आपली रचना पूर्वसूरींच्या नावावर घातली, की हीच मुद्रा संभ्रमाचे कारण ठरते. अशा वेळी, नावामागची व्यक्ती एक की अनेक याला उपासकाच्या दृष्टीने काही महत्त्व आहे काय, आणि त्या व्यक्ती वेगळ्या करून दाखवणे हा श्रद्धेचा भंग ठरतो काय, हे प्रश्न उभे राहतात. त्यांचा विचार इतिहास आणि अध्यात्म या दोन्ही अंगांनी करावा लागतो.

नामदेवांचे उदाहरण या संदर्भात सर्वांत बोलके आहे. परंपरेनुसार नामदेवांचा काळ 1270 ते 1350 असा मानला जातो. त्यानंतर सुमारे दोन शतकांनी, एकनाथांच्या काळात, विष्णुदास नामा या नावाचा कवी झाला आणि त्याने महाभारताची पर्वे ओवीबद्ध केली. विष्णूचा दास या अर्थाचे हे विशेषण मूळ नामदेवांनाही शोभणारे असल्यामुळे दोघांच्या रचना गाथेच्या हस्तलिखितांत एकमेकींत मिसळल्या. घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या विठ्ठलाच्या एका आरतीच्या अखेरीस ‘विष्णुदास नामा’ अशीच मुद्रा येते आणि म्हणणारा ती सहजपणे नामदेवांची मानतो. अभ्यासकाला मात्र भाषेचे वळण, हस्तलिखितांचा काळ आणि रचनेतील ऐतिहासिक उल्लेख यांच्या आधाराने प्रत्येक पद तपासावे लागते आणि कित्येकदा निर्णय राखून ठेवावा लागतो.

ज्ञानदेवांच्या बाबतीत हाच प्रश्न उलट दिशेने आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या टोपणनावाने ‘सुधारक’ पत्रात लेखमाला लिहिली. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीचे कर्ते आणि विठ्ठलभक्तिपर अभंगांचे कर्ते या दोन भिन्न व्यक्ती होत, असे प्रतिपादन त्यांनी त्या मालेत केले. ज्ञानेश्वरीत नाथपरंपरेचा आणि गुरुभक्तीचा प्रभाव ठळक असून अभंगांत पंढरीच्या विठ्ठलाला केंद्रस्थान आहे, शिवाय अभंगांची भाषा ज्ञानेश्वरीच्या मानाने अर्वाचीन वाटते, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. अभंग मुखपरंपरेने गायले गेल्यामुळे त्यांची भाषा पिढ्यानपिढ्या बदलत गेली, आणि तत्त्वविवेचनाचा ग्रंथ व भजनासाठी रचलेले पद यांची शैली एकाच लेखकाच्या हातूनही भिन्न होऊ शकते, असे उत्तर त्यावर देण्यात आले. पुढील बहुसंख्य अभ्यासकांनी एकच ज्ञानदेव मानले. तथापि या वादामुळे ज्ञानदेवांच्या वाङ्मयाची चिकित्सा अधिक काटेकोर झाली, हे मान्य केले पाहिजे.

या चिकित्सेवर अध्यात्माच्या बाजूने घेतला जाणारा आक्षेप वरवरचा नाही. वेदान्ताच्या मते नाम आणि रूप या उपाधी आहेत, म्हणजे एकाच तत्त्वावर आलेले भेददर्शक आवरण आहे. ज्याला ‘मी’पणाचा लोप हे साधनेचे फळ वाटते, त्याने आपली रचना गुरूच्या किंवा पूर्वसूरींच्या नावात विलीन करणे ही फसवणूक नसून समर्पण आहे. म्हणून अशा रचनांना बनावट ठरवणे अन्यायाचे होईल. परंतु स्वतःच्या नावाचा त्याग करण्याचा अधिकार त्या कवीचा आहे; त्याचे वेगळे अस्तित्वच विसरून जाण्याचा अधिकार वाचकाला त्यातून मिळत नाही. दोन संत एका नावात मिसळले, की बहुधा प्रसिद्ध संताचे श्रेय वाढते आणि दुसऱ्याचे जीवन, त्याचा काळ व त्याची साधना पुसली जाते.

भक्ती आणि भेददर्शन यांचा मेळ घालता येतो, याचे उत्तम प्रमाण शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहे. नानकांनंतरच्या ज्या गुरूंची वाणी त्यात समाविष्ट आहे, त्यांनीही आपल्या पदांत ‘नानक’ हीच मुद्रा वापरली, कारण गुरूची ज्योत एकच आहे अशी त्या पंथाची श्रद्धा आहे. तरीही प्रत्येक पदाच्या शीर्षस्थानी ‘महला’ हा शब्द आणि त्यापुढे अंक घालून ती वाणी कितव्या गुरूची आहे हे नोंदवले आहे. अशा रीतीने श्रद्धेची एकता पदात राहिली आणि कर्तृत्वाचा भेद शीर्षकात राहिला. याच ग्रंथात नामदेवांची 61 पदे आहेत आणि तीही भगत नामदेवांच्या नावानेच स्वतंत्रपणे दिलेली आहेत. महाराष्ट्रातही एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली आणि तिच्यात कोणीही आपली ओवी मिसळू नये असे बजावले. ज्ञानदेवांवर निस्सीम श्रद्धा असलेल्या एका संतानेच मूळ रचना आणि नंतरची भर यांत भेद केला, ही गोष्ट चिकित्सेला अश्रद्धा समजणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

सारांश, उपासनेत नामाची एकता खरी आहे आणि इतिहासात व्यक्तींची अनेकता खरी आहे. यांपैकी एका सत्याने दुसऱ्याचे काम करू लागणे, हा खरा दोष होय. भजनात पद गाताना कर्त्याचा निर्णय लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही; परंतु गाथा छापणाऱ्याने, ती शिकवणाऱ्याने आणि तिच्या आधारे संतांचे चरित्र लिहिणाऱ्याने हा भेद जपलाच पाहिजे, कारण ज्या संताने आपले नाव मागे घेतले, त्याचे ऋण मान्य करण्याचा तोच एक मार्ग आहे.