पुसलेले आणि भरलेले

चित्रकाराने खोटे किती बोलावे, हा प्रश्न पूर्वी फारसा कोणी विचारीत नसे. कारण त्याचे खोटे सर्वांना उघड दिसत होते. दीनानाथ दलालांनी दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर रंगवलेली सुंदरी कोणा वाचकाला प्रत्यक्ष भेटली नव्हती, आणि भेटेल अशी त्याची अपेक्षाही नव्हती. रघुवीर मुळगावकरांचे तुकतुकीत देव घराघरांत पुजले गेले. तरी ते मुळगावकरांचे देव आहेत हे शाळकरी पोरही ओळखी. कुंचल्याच्या खोट्याखाली कुंचलेवाल्याची सही असते.

छायाचित्राचे तसे नाही. त्याला आपण साक्षीदार मानतो. म्हणूनच वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी नातीने मला फोटोशॉप शिकवायला घेतले, तेव्हा हात फारसा अडला नाही. मन मात्र जागोजाग अडले. सारा जन्म मी खेडमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि भाद्रपदाच्या तोंडावर गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी केली. आखताना श्वास रोखून धरावा लागतो. बुबुळ केसभर सरकले तर पांढरा देऊन पुन्हा आखता येते, नाही असे नाही; पण झाकलेले जाणत्याच्या नजरेतून सुटत नाही. इथे नात म्हणते, "आजोबा, कंट्रोल-झेड दाबा ना!" पन्नास पावले मागे जाता येते, हवी तर त्याहूनही अधिक, आणि मागे डाग म्हणून राहत नाही. (श्वास रोखण्याची माझी सवय मात्र अजून गेलेली नाही. संगणकापुढे नाक दाबून बसलेला म्हातारा पाहून घरात हसू होते.)

हे फोटोशॉप 1990 साली बाजारात आले. 1994 साली त्यात थर आले. चित्रावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर काम करावे तशी ती सोय. 2002 साली 'हीलिंग ब्रश' आला. त्याची खूण जखमेवरच्या चिकटपट्टीची, आणि नावाचा अर्थ बरे करणारा. 2023 पासून तर मोकळ्या जागी काय असावे हे यंत्र आपणच ठरवून भरून देते.

22 जुलै 2021 रोजी जगबुडीचे पाणी खेडच्या बाजारपेठेत शिरले. 2005 च्या जुलैतही शिरले होते. चिखल उपसल्यावर लोकांनी जे वाळत घातले त्यात घरच्या तसबिरीही होत्या. भिजलेला फोटो काचेला धरतो. ओढला की चेहऱ्याचा पापुद्रा काचेवरच राहतो. असाच एक फोटो गेल्या वर्षी माझ्याकडे आला. नऊवारीतली बाई, डावा डोळा आणि गाल गेलेला, उरलेल्या गालावर देवीचे खड्डे. घेऊन आलेला नातू म्हणाला, "काका, डोळा भरा, आणि ते खड्डेही काढा. चेहरा कसा स्वच्छ दिसू दे." शेजारी त्याची आई बसली होती, ऐंशीच्या घरातली. ती एवढेच म्हणाली, "पेंटर, खड्डे राहू देत. त्या गालावर हात ठेवून मी झोपायची."

नातवाचे मागणे नवे नव्हते. काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून सुरकुत्या बुजवणारे कारागीर स्टुडिओत पूर्वीपासून होते. पण 1975 नंतर या देशात देवीचा रोगी सापडलेला नाही. त्या रोगातून जी माणसे वाचली त्यांच्या वाचण्याची खूण म्हणजे हे खड्डे. जखम केव्हाच भरून आली होती. मग चिकटपट्टी कशावर लावायची?

डोळ्याचा प्रश्न अवघड. उजवा उचलून उलटा बसवणे क्षणाचे काम. परंतु चेहऱ्याच्या दोन बाजू कधी सारख्या नसतात, आणि अशाने जो चेहरा तयार होतो तो कोणाचाच नसतो. यंत्राला भरायला सांगावे तर ते हजार परक्या डोळ्यांवरून एक देणार. "कोणाला कळणार आहे?" नातू म्हणाला. खरे आहे, कळत नाही. इब्राहिम खान नावाच्या भलत्याच सरदाराचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून चालत होते. 1933 साली वा. सी. बेंद्रे यांनी डचांकडून मिळालेले महाराजांचे चित्र पुढे आणले तेव्हा तो घोळ मिटला. तोवर ज्यांनी हात जोडले त्यांची भक्ती खोटी नव्हती. पण चेहरा दुसऱ्याचा होता, आणि हे मला बोचते.

शेवटी वेगळ्या थरावर मी डोळा हाताने काढला. लेक शेजारी बसून सांगत गेली. पापणी जरा उतरती, कड बारीक. सत्तर वर्षांमागची आठवण ती. तिच्यावर किती विसंबावे? साक्ष म्हणून मुळीच नाही. पण लेकीने सांगितलेले आईचे चित्र म्हणून ते मला चालले. नुसत्या उरलेल्या फोटोची एक प्रत निराळी काढून दिली, आणि डोळा भरलेल्या तसबिरीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिले, "डावा डोळा मुलीच्या सांगण्यावरून काढलेला."

"मागे कोण बघतंय!" नातू हसला. म्हातारीने तसबीर उलटी करून ओळ डोळ्यांजवळ नेऊन वाचली, आणि म्हणाली, "गालही लिहा. तोही मीच सांगितला ना."