वाटून घेतलेला डाव

पालघर सुटलं की उमरोळी, उमरोळीनंतर बोईसर. एवढ्या वेळात रमीचा डाव काही संपत नाही. मग चहाचे पैसे कुणी द्यायचे यावर फलाटावर जुंपते. हाच वाद १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी पत्रांतून सोडवला होता. अर्ध्यावर मोडलेल्या डावाचे पैसे वाटताना मागे कोण किती जिंकला ते पाहू नका. पुढे जिंकण्याची शक्यता कुणाला किती, ते मोजा! संभाव्यतेचं शास्त्र यातूनच उभं राहिलं. आमच्या वादातून आजवर फक्त अबोला निघाला.

गणपतीच्या जागरणाला आमच्या सोसायटीत १०१ गुणांची रमी लागते. खेळणारे २०, प्रत्येकी ५० रुपये. पहिल्याला ७००, दुसऱ्याला ३००. पहाटे तीनला उरलो मी आणि शेजारचे काका. माझे गुण ३४, काकांचे ८८. काकांना पत्ते टाकायचीही सोय नव्हती; टाकले की २० गुण, आणि खेळ खलास. काका कानाशी लागले, "पाचशे-पाचशे करू या का? सकाळी तारापूरला पहिली पाळी आहे हो!"

पास्कल नाही म्हणाला असता. मी भिडस्त माणूस, 'बरं' म्हणालो.

लोकांसाठी खेळ मात्र चालू ठेवला. आता काकांना भीती कसली? ते असे काही खेळले, की चांगले खेळाडू वाटू लागले! काका जिंकले. पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. मग मांडवामागे काकांनी माझ्या खिशात २०० रुपये सरकवले.

घरी ही म्हणाली, "हरलात ना? मग तीनशेचे पाचशे कसे झाले?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. २०२१ साली टोकियोत उंच उडीत कतारचा बार्शिम आणि इटलीचा टाम्बेरी बरोबरीत राहिले. त्यांनी सुवर्णपदक वाटून घेतलं, पण मैदानात, साऱ्या जगादेखत विचारून. २०२४ साली पॅरिसला अशाच दोघांनी वाटणी नाकारली आणि पुन्हा उड्या मारल्या. मला दोन्ही पटतं. आमचं तेवढं पटत नाही. पैसे आमच्या दोघांत वाटायचे होते, हे खरं. पण डोळे ताणून बसलेले ते १८ जण चुरस बघायला जागले होते. ती आम्ही परस्पर विकली.

दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी ते २०० रुपये मी दानपेटीत टाकले. काका शेजारीच उभे होते. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.