‘हे तुम्ही केलंच आहे’

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग, गणिताचा तास. बाई फळ्यावर लाप्लास रूपांतराची व्याख्या लिहितात, टीच्या वर्गमुळाचं रूपांतर काढायला घेतात आणि मध्येच म्हणतात, “इथे गॅमा फंक्शन लावायचं. हे तुम्ही फर्स्ट इयरला केलंच आहे.” वर्गातल्या बऱ्याच माना हलतात. काही मुलं मात्र ती ओळ वहीत उतरवतात आणि तिथेच थांबतात. ही डिप्लोमावाली मुलं. त्यांनी फर्स्ट इयर पाहिलेलंच नाही.

‘केलंच आहे’ यातल्या त्या ‘च’वर मला थोडं थांबायचं आहे.

डिप्लोमावरून डिग्रीला जाण्याची वाट आपल्याकडे रुळलेली आहे. दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक, मग कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या फेऱ्यांतून थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. डिप्लोमाला खुल्या गटासाठी किमान ४५ टक्के आणि राखीव गटांसाठी ४० टक्के गुण लागतात. मीरा-भाईंदरमधल्या कितीतरी घरांना ही वाट भरवशाची वाटते, आणि ते बरोबरच आहे. पुढे डिग्री नाही जमली तरी तीन वर्षांनी हातात नोकरीपुरता कागद असतो. राई-मुर्ध्याचा मुलगा भाईंदरला गाडी पकडतो, खाडी ओलांडून वसईला वर्तक पॉलिटेक्निकला जातो. दुसरा कोणी उलट दिशेने कांदिवलीला ठाकूर पॉलिटेक्निकला. डिग्रीसाठी मग कोणी मीरा रोडच्या एल. आर. तिवारी कॉलेजात येतो, कोणी वसईच्या विद्यावर्धिनीत जातो. वसईत पॉलिटेक्निक आणि डिग्री कॉलेज एकाच संस्थेचं आहे. एका इमारतीतून दुसरीत जायला फार चालावंही लागत नाही. त्या एवढ्याशा चालण्यात एक अख्खं वर्ष मागे पडतं.

भाईंदरच्या माणसाला हे समजायला मिठागराइतका जवळचा दाखला नाही. समुद्राचं पाणी भरतीला आत घेतलं की ते लगेच मिठाच्या खाचरात सोडत नाहीत. आधी मोठ्या खाचरात साठवतात, तिथून पुढच्या, तिथून त्याच्याही पुढच्या. ऊन-वारा लागून पाणी दाट होत जातं. समुद्राचं पाणी बोमे मापावर साडेतीन अंशांच्या आसपास असतं. ते पंचविसाच्या घरात गेलं की मग शेवटच्या खाचरात, आणि तिथे मीठ धरतं. मधल्या खाचरांत मिठाचा एक दाणाही पिकत नाही. पाहणाऱ्याला वाटेल, ही जागा फुकट अडवलेली आहे. पण कच्चं पाणी थेट शेवटच्या खाचरात सोडलं तर मीठ धरणं लांबतं आणि वाटेत मागे राहायचा तो जिप्समचा भाग मिठात उतरतो. शेवटचं खाचर पाण्याला विचारत नाही, तू किती खाचरांतून आलास. ते फक्त दाटपणा बघतं.

मला वाटतं, पूर्वअट नावाची गोष्ट नेमकी हीच आहे आणि आपण तिला सतत खाचरांच्या संख्येवर मोजतो. किती सेमिस्टर झाली, किती क्रेडिट जमा झाले, किती केटी राहिल्या.

केटीचंच, म्हणजे मागे राहिलेल्या विषयांचंच बघा. मुंबई विद्यापीठात पहिल्या दोन सत्रांतले सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात बसता येत नाही. नियम चांगला आहे. पण तो दार लावतो तिसऱ्या वर्षाच्या तोंडाशी. मधल्या वर्षात पहिल्या सत्राचं गणित अडकलेलं असतानाही मुलगा तिसऱ्या सत्राचं गणित शिकत बसलेला असतो. पाया नंतर भरायचा, भिंत आधी चढवायची, याला नियमाची परवानगी आहे. नियमाचं दार एका जागी असतं आणि विषयाचं दार दुसऱ्याच जागी. ज्याला हे कळत नाही तो पहिल्या दारातून आत येतो आणि दुसऱ्या दाराशी अडतो, तेही कोणाला न दिसता.

मग पहिल्या वर्षाचं सगळंच पूर्वअट मानायचं का? इथे घाई करू नये. आपल्या परंपरेत या प्रश्नावर फार बारीक विचार झालेला आहे. ब्रह्मसूत्रांचा पहिला शब्द आहे ‘अथ’. शंकराचार्य पहिल्या सूत्राच्या भाष्यात या एका शब्दावर थांबतात. ‘अथ’ म्हणजे ‘त्यानंतर’, तर कशानंतर? आधी कर्मकांडाचा अभ्यास झाला, म्हणून त्यानंतर, असं ते मानत नाहीत. ज्याच्याविना ब्रह्माची जिज्ञासा उभीच राहू शकत नाही असं काय आहे, ते शोधायचं, असा त्यांचा आग्रह आहे. आणि ते सांगतात विवेक, वैराग्य, शमदमादी आणि मुमुक्षा. आधी घडलेलं सगळं पूर्वअट ठरत नाही. ज्याच्यावाचून पुढचं अडतं तेवढंच ठरतं. केवढी मोकळीक आहे यात, आणि केवढी सक्तीही.

तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या एका जुन्या नियमात हीच दृष्टी मला दिसते. बारावीला गणित घेतलेला बीएस्सी पदवीधरही थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात येऊ शकतो. पण त्या नियमानुसार त्याला पहिल्या वर्षाचे दोन विषय दुसऱ्या वर्षासोबत सोडवावे लागत, इंजिनीअरिंग ड्रॉइंग आणि इंजिनीअरिंग मेकॅनिक्स. दोनच. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र त्याला पुन्हा करायला लावत नसत. कोणीतरी बसून विचार केला होता की या मुलाकडे काय आहे आणि काय नाही.

डिप्लोमाच्या मुलाची गोष्ट उलटी आहे. ड्रॉइंग त्याच्या बोटांत असतं. वर्कशॉपमध्ये त्याने घाम गाळलेला असतो. बारावी करून आलेल्या मुलापेक्षा यंत्राशी त्याची ओळख जुनी असते, हे त्याच्या वर्गमित्रांनी आणि शिक्षकांनीही मोकळेपणी मान्य करावं. त्याचं उणं आहे ते बहुतेक गणितात, आणि तेही अख्ख्या गणितात नाही. इंटिग्रेशन त्याने केलेलं असतं, पार्शल फ्रॅक्शनही केलेले असतात. त्यामुळे उलटं लाप्लास काढताना तो मागे पडायचं कारण नाही. राहिलेलं असतं ते गॅमा आणि बीटा फंक्शन, पार्शल डिफरन्सिएशन, काही शाखांत कॉम्प्लेक्स नंबर. टीच्या वर्गमुळाचं रूपांतर करताना अर्ध्याचं गॅमा म्हणजे पायचं वर्गमूळ, हे ठाऊक असावं लागतं. कॉशी-रीमान समीकरणं पार्शल डिफरन्सिएशनशिवाय नुसती लिहितासुद्धा येत नाहीत. म्हणजे ज्याला आपण ‘एक वर्ष बुडालं’ म्हणतो ते प्रत्यक्षात गणिताची तीन-चार प्रकरणं आहेत. नीट शिकवणारा भेटला तर काही आठवड्यांचं काम.

हे गुपितही नाही. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ मध्ये आलेल्या ‘सी स्कीम’मध्ये तिसऱ्या सत्राच्या गणिताच्या पानावर, अगदी वरच, पूर्वअट म्हणून मॅथ्स एक आणि मॅथ्स दोन अशी नावं छापलेली होती. अशी ओळ कोण वाचतं? मुलं थेट मोड्यूलवर आणि गुणांच्या विभागणीवर उतरतात. प्रवेश घेताना कागदपत्रं तपासली जातात, त्या ओळीविषयी सहसा कोणी विचारत नाही. आता अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली आहे. यूजीसीने २०२१ मध्ये तिचे नियम केले आणि मिळवलेले क्रेडिट सात वर्षांपर्यंत तिथे राहू शकतात. सोय मोठी आहे. पण त्या खात्यात गॅमा फंक्शन जमा होत नाही. ते डोक्यातच जमा करावं लागतं.

अडचण वेळेची आहे, आणि ती खरी आहे. डिप्लोमाचे शेवटचे पेपर उन्हाळ्यात संपतात. मग निकाल, अर्ज, फेऱ्या. मुलगा वर्गात येऊन बसतो तेव्हा शिकवणं बहुधा सुरू झालेलं असतं. अनेक कॉलेजं अशा मुलांसाठी ब्रिज कोर्स घेतात, तोही त्यानंतर, चालू सत्राच्या गर्दीत, संध्याकाळी, गाडीची वेळ सांभाळून. तेव्हा तो पूल कसला? माणूस प्रवाहात उतरून गेलेला असतो. माझं कॉलेजांना स्पष्ट सांगणं आहे, हे वर्ग जून महिन्यात घ्या. प्रवेश कुठे होईल ते तेव्हा ठरलेलं नसतं, हे मान्य. म्हणूनच पॉलिटेक्निकनी ते घ्यावेत, आपल्याच शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी. त्यांच्याकडे शिक्षक आहेत, वर्ग आहेत, आणि मुलं अजून त्यांचीच आहेत.

आणि तू, ज्याचा शेवटचा पेपर नुकताच झाला आहे, आठवडाभर झोप काढ. मग विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुझ्या शाखेचा तिसऱ्या सत्राचा अभ्यासक्रम उतरवून घे. प्रत्येक विषयाच्या वर छापलेली ती एक ओळ वाच, आणि त्यातलं तू जे केलेलं नाहीस त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढ. कॅपची यादी लागायला अजून वेळ आहे.