गाडी लावताना



कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग ६१ पाथरी, मानवत, परभणीवरून जातो. रात्री उशिरा ढाब्यावर आलेल्या दमलेल्या ड्रायव्हरने ट्रक कुठे लावावा? उजेडात लावला तर डिझेलची चोरी टळते, पण दुसऱ्याची वाट अडते. रस्त्याच्या कडेला लावला तर अंधारात मोटारसायकलवाला आदळेल. पुढे जावे, तर डोळ्यांवर झोप.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७८५ साली कसोटी सांगितली: मी वागतो तसे सर्वांनी वागावे, असे मला म्हणता येईल का? सर्वांनीच वाट अडवली, तर पहाटे कोणाचीच गाडी निघणार नाही. म्हणून निदान शेजारच्या ड्रायव्हरला विचारावे, “दादा, किती वाजता निघणार?” आणि मगच झोपावे.

रविवारी चर्चच्या फाटकाशी गाडी लावताना आपण कोणाला विचारतो?