पुत्रासाठी प्रार्थना

मंडळीतील एखाद्या घरी लवकरच पाळणा हलणार अशी वार्ता आली म्हणजे पाळकाने त्या घरी जाऊन प्रार्थना करावी, ही आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांची जुनी व गोड रीत आहे. ती मोडावी असे आम्हांस मुळीच वाटत नाही. परंतु ज्या घरी अगोदर एकदोन मुली आहेत अशा घरी, डोळे मिटण्यापूर्वी कोणी वडील माणूस, बहुधा आजीबाई, जवळ सरकून म्हणतात, "पाळकसाहेब, ह्या खेपेस तेवढा मुलगा मागा." हे मागणे करावे की करू नये, हा प्रश्न आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

आमचे पुष्कळ पाळकबंधू मनात काही किंतु न आणता ते करतात. पुत्राची इच्छा होणे हे पाप नव्हे. आणि जे मनात आहे ते देवापुढे उघड करू नये तर कोणापुढे करावे, असे ते विचारतात. हा सवाल टाकाऊ नाही. ढोंगी प्रार्थनेपेक्षा खरे मागणे बरे, हे आम्हांसही मान्य आहे. तरी पण ह्या विशिष्ट मागण्याविषयी आमच्या मनास जो अडखळा वाटतो तो दोन प्रकारचा आहे. एक देवासंबंधाने, व दुसरा त्याच खोलीत भिंतीशी बसलेल्या लहान मुलीसंबंधाने. दुसरा अधिक भारी आहे, म्हणून पहिला अगोदर उरकून घेतो.

यहूदी धर्मगुरूंच्या वचनांचा 'मिश्ना' नावाचा जो संग्रह सुमारे इ. स. २०० मध्ये सिद्ध झाला, त्यातील प्रार्थनेविषयीच्या भागात नेमका हाच प्रश्न आला आहे. ज्याची स्त्री गरोदर आहे त्याने पुत्र व्हावा अशी प्रार्थना केली तर ती व्यर्थ प्रार्थना होय, असा तेथे स्पष्ट निर्णय आहे. त्याच्या जोडीस दिलेला दाखला मोठा मार्मिक आहे. एक मनुष्य बाहेरगावाहून येत असता त्यास वेशीबाहेर गावातील आकांत ऐकू येतो, व हा आकांत माझ्या घरचा नसो अशी तो प्रार्थना करतो. तीही व्यर्थ, असे ते म्हणतात. जे घडून चुकले ते घडले. आता ते दुसऱ्याच्या घरी नेऊन टाका असे मागण्यात अर्थ नाही, आणि नीट पाहिले तर त्यात शेजाऱ्याविषयी दयाही नाही. पुढे ह्याच विषयाची चर्चा तलमुदात झाली. तेथे पहिल्या चाळीस दिवसांत अशी प्रार्थना चालेल अशी सवलत सुचविलेली आहे. ती त्या काळच्या समजुतीची गोष्ट झाली. अमेरिकेतील नेटी स्टीव्हन्स नावाच्या संशोधक बाईंनी १९०५ साली पिठात होणाऱ्या एका किड्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दाखविले, की नर की मादी हे नराच्या बीजावर ठरते. मनुष्याचीही गोष्ट तशीच आहे. गर्भ राहतो त्याच क्षणी, व तेही पित्याकडून आलेल्या अंशावरून, मुलगा की मुलगी हे ठरून जाते. (पुत्र होत नाही म्हणून सुनेस बोल लावणाऱ्या सासूबाईंनी ही किड्याची गोष्ट एकदा लक्षपूर्वक ऐकावी.) सातव्या महिन्यात आम्ही त्या घरी जातो तेव्हा मागणे ज्याविषयी करावयाचे ते बाळ तेथेच आहे, ते हातपाय हालवीत आहे, आणि ते कोण आहे हे देवास ठाऊक आहे. ते जर मुलगी असेल, तर आमच्या मागण्याचा अर्थ इतकाच उरतो की ही नको, दुसरे द्या.

येथे हन्नेचे उदाहरण पुढे येते. आले पाहिजेच. १ शमुवेलाच्या पहिल्या अध्यायात ह्या भगिनीने पुत्रच मागितला, व देवाने तो दिला, हे आम्ही विसरलो नाही. परंतु तिची स्थिती पाहा. तिला मूलच नव्हते. सवत तिला टोचून बोलत असे. नवरा बिचारा चांगला. पण माझ्यासारखा पती असता तुला पुत्रांची काय गरज, अशा धर्तीचे जे सांत्वन त्याने केले, ते ऐकून कोणत्या स्त्रीचे दुःख हलके झाले असते कोण जाणे. ती गर्भवती होण्यापूर्वी मागत होती. तिने मागितले ते ठेवून घेण्यासाठी नव्हे, तर परत देऊन टाकण्यासाठी. आणि तिचे ओठ तेवढे हालत होते, आवाज निघत नव्हता, हे शास्त्राने मुद्दाम नमूद केले आहे. त्या मागण्याने कोणा लेकराचे मन दुखावण्याजोगे नव्हते. आमच्या घरोघरीच्या प्रार्थनेची गोष्ट अशी नाही. ती मोठ्याने होते, व तेथे ऐकणारे असतात.

आता त्या ऐकणारांकडे वळू.

ज्या घरात तिसऱ्या बाळाची वाट पाहिली जात आहे त्या घरातील सहा वर्षांच्या व तीन वर्षांच्या मुलीचे दिवस कसे जातात ते आपण सर्वांनी पाहिले आहे, पण पाहून विचार केलेला नाही. धाकटीस आईच्या मांडीवर पूर्वीसारखे बसता येत नाही, कारण मांडीच उरलेली नाही. कडेवर घेऊ नकोस असे डॉक्टरीणबाईंनी आईला बजावले आहे. रात्री आईच्या कुशीत झोपणारी ती आता आजीच्या गोधडीत झोपते व मध्यरात्री उठून रडते. थोरलीची वेणी घालावयास आईस खाली बसवत नाही. म्हणून ती स्वतःच वेडीवाकडी वेणी घालून शाळेत जाते, आणि शाळेतून आली की पाण्याचा तांब्या, चुलीजवळची काटकी, धाकटीचे नाक, अशी कामे तिच्या वाट्यास येतात. ती ती करते, पुष्कळदा मोठ्या हौसेने करते. लहान मुलांस उपयोगी पडण्यासारखा आनंद नाही. पण आपले काहीतरी जात आहे, आणि ते का जात आहे हे कोणी सांगत नाही, एवढे त्या जिवांना कळते.

नेमक्या ह्याच दिवसांत येणारा प्रत्येक पाहुणा त्यांस विचारतो, "काय ग, तुला भाऊ हवा की बहीण?" हा प्रश्न प्रेमाने विचारतात, ह्यात शंका नाही. परंतु त्याचे बरोबर उत्तर एकच आहे, हे मुलीस दुसऱ्या वेळेपर्यंत उमगते. 'भाऊ' म्हटले की खाऊ मिळतो व मोठी माणसे हसतात. 'बहीण' म्हटले की कोणीतरी तोंडावर हात ठेवून, "असे बोलू नये, लहान मुलाच्या जिभेवर खरे होते," असे म्हणते. डोहाळजेवणात झाकलेल्या वाट्या उघडतात, तेव्हा पेढा निघाला तर टाळ्या पडतात आणि बर्फी निघाली तर "असू दे, बर्फीही गोडच" असे कोणी म्हणते. त्या 'असू दे'चा अर्थ बर्फीला कळत नाही, पण कोपऱ्यातल्या मुलीला कळतो. पुढे भाऊ झालाच तर, हिच्या पाठीवर भाऊ आला, हिचा पायगुण चांगला, अशी तिची वाहवा होते. आणि बहीण झाली तर तो दोषही तिच्याच पाठीवर पडतो. पुरती सात वर्षांचीही नाही, आणि कोणाचा जन्म कसा व्हावा ह्याचा भार तिने वाहावा!

सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात एक समारंभ होऊन 'नकुशी' ह्या नावाच्या अडीचशेंहून अधिक मुलींस नवी नावे देण्यात आली, हे वर्तमानपत्रांतून पुष्कळांनी वाचले असेल. मुलींवर मुली झाल्या म्हणजे शेवटचीचे नाव नकुशी ठेवावे, म्हणजे पुढे मुलगा होतो, अशी ती समजूत. त्या नावाचा विचार केला असता आमच्या ध्यानात आले, की ते नाव म्हणजेच एक प्रार्थना आहे. फरक इतकाच की ती देवळात होत नाही. मुलीला पाणी आणावयास हाक मारताना, जेवावयास बोलावताना, दिवसातून पन्नास वेळा तिच्या तोंडावर होते. आपल्या ख्रिस्ती घरांत असे नाव कोणी ठेवीत नाही. आपण रूथ ठेवतो, एस्तेर ठेवतो, मार्था ठेवतो, व बाप्तिस्म्याच्या वेळी ते नाव मोठ्याने उच्चारतो. परंतु त्याच रूथेस जवळ बसवून, तिचे डोळे मिटवून, हात जोडावयास लावून, "प्रभो, आता तरी ह्या घरावर दया कर व मुलगा दे," असे आम्ही म्हणू लागलो, तर त्या प्रार्थनेत व त्या नावात कितीसे अंतर राहिले? 'आता तरी' ह्या दोन शब्दांत ती मुलगी मोजली गेली आणि उणी भरली.

एका घरी आजीबाईंनीच अशी प्रार्थना केली होती. ती संपल्यावर आम्ही चपला घालीत असता थोरली मुलगी दारापर्यंत आली व हळूच विचारू लागली, "माझ्या वेळी पण मुलगाच मागितला होता का?" आम्ही तिला सांगितले, की तुझ्या वेळी देवाने तुलाच पाठविले. ते खरे होते. पण तिने विचारले होते ते देवाविषयी नव्हते, घरच्यांविषयी होते, आणि त्याचे उत्तर देणे आमच्या हाती नव्हते.

आजीबाईंस निष्ठुर समजू नये. त्यांच्या मागण्याच्या पोटी भीती असते, व ती पोकळ नसते. कोरडवाहू दोन एकर, पेन्शन नाही, मुली लग्न होऊन दूर जाणार, म्हातारपणी पाण्याचा पेला कोण देईल? ह्या भीतीस 'विश्वास ठेवा' एवढेच उत्तर देणे सोपे आहे आणि अपुरे आहे. तिला कागदोपत्री उत्तरही आहे, ते पाळकांनी सांगावयास हवे. आपणा ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या मिळकतीत मुलगा व मुलगी ह्यांचा वाटा सारखा आहे. विवाहित मुलीवरही आईबापांच्या पोषणाची जबाबदारी येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली ठरविले, आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने मुलगा व मुलगी हा भेदच ठेवला नाही. वाटा देताना मुलीकडून हक्कसोड लिहून घ्यावयाची व म्हातारपणी ती आधार देत नाही म्हणावयाचे, ही आपल्या मंडळ्यांतील चाल आहे. तिच्याविषयी पुन्हा कधीतरी लिहू. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या तेव्हा देवाने त्यांचे म्हणणे रास्त ठरविले, हे गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. परंतु त्या अध्यायावर उपदेश झालेला आपल्यापैकी कितीकांनी ऐकला आहे?

मागण्याचे रूपांतर कशात होते तेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या शिरगणतीत ९४६, २००१ मध्ये ९१३, व २०११ मध्ये ८९४ अशी उतरत गेली. गर्भलिंग तपासणीस आळा घालणारा कायदा सर्व देशात प्रथम ह्याच राज्याने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली झाला, तरी हे घडले. प्रार्थना करणारा मनुष्य तपासणीच्या खोलीत जातोच असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या घरात 'मुलगाच' हा शब्द देवापुढे उच्चारावयाची सवय झाली, त्या घरास तो दुसऱ्या कोणापुढे उच्चारणे फार जड जात नसावे.

पवित्र शास्त्रात ह्या गोष्टीवर थोडासाच पण निराळा प्रकाश पडतो. लेआस मुलगे झाले तेव्हा प्रत्येकाच्या नावाचा अर्थ उत्पत्तीत दिला आहे. दीनेचे नाव मात्र दिले, अर्थ दिला नाही. मुलींचा उल्लेख असाच ओझरता होण्याची चाल किती जुनी आहे ते त्यावरून दिसते. उलट, धरला गेला त्याच रात्री आपल्या शिष्यांशी बोलताना प्रभूने प्रसूत होणाऱ्या स्त्रीचा दृष्टांत दिला, तो योहानाच्या सोळाव्या अध्यायात आहे. तिला पुत्र झाल्याचा आनंद होतो असे प्रभू म्हणू शकला असता. त्या देशात व त्या काळी सर्वजण तसेच म्हणत. परंतु मूळ ग्रीक भाषेत तेथे जो शब्द आहे तो 'पुरुष' ह्या अर्थाचा नव्हे, 'मनुष्य' ह्या अर्थाचा आहे. जगात एक मनुष्य आला, म्हणून ती वेदना विसरते. सेमिनरीत ग्रीक शिकताना हे वचन आम्ही व्याकरणासाठी वाचले होते. त्यातील हा शब्द गरोदर बाईच्या घरी बसल्यावरच आमच्या डोळ्यांत भरला.

तेव्हा आम्ही ते मागणे करीत नाही. इच्छा धरणाऱ्याची इच्छा त्याने एकांतात देवापुढे मांडावी; दार लावून करावयाची प्रार्थना ह्यासाठीच आहे, आणि तेथे देव त्याच्या इच्छेचे काय करील ते देव जाणो. परंतु घरातील सर्वांच्या वतीने मोठ्याने जी प्रार्थना होते तीत घरातील कोणाही लेकराला उणे करणारा शब्द नसावा, असे आम्ही धरून चाललो आहो. आम्ही आईच्या अंगात रक्त भरावे म्हणून मागतो, कारण आपल्या बायकांत ते फार कमी असते. रात्रीअपरात्री गाडी वेळेवर मिळावी म्हणून मागतो. बापाने दवाखान्याच्या वेळी गावात असावे, व बाळंतपणाच्या दिवसांत थोरलीची शाळा बुडू नये, म्हणून मागतो, आणि हे मागताना बापाकडे पाहावयास मिळावे म्हणून एखादे वेळी डोळे उघडे ठेवतो. मग थोरलीचे नाव घेऊन तिच्यासाठी उपकार मानतो, धाकटीचे नाव घेऊन तिच्यासाठी मानतो, आणि ज्याचे नाव अजून ठरलेले नाही त्यासाठी, ते जसे आहे तसेच यावे, एवढे म्हणतो. मुली आपले नाव ऐकून डोळे उघडतात व एकमेकींकडे पाहतात. आजीबाई 'आमेन' म्हणतात. काही घरी त्या क्षणभर थांबून म्हणतात, ते आमच्या कानांवर येते.