साथीच्या दिवसांत कसे बोलावे?

साथ आली म्हणजे औषधाच्या आधी बातमी पोचते. ती बातमी सांगणाऱ्याचे बोलणे चुकले, तर मागून आलेले औषध दारातच अडते. म्हणून आरोग्यसेवकाला सुई टोचायला शिकवतात, तसे बोलायलाही शिकवावे, असे आम्हांस वाटते.

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. रोगी हुडकायला सरकारने घरोघर गोरे सोजीर धाडले. ते देवघरात शिरले, माजघरात शिरले. समजावणे राहिले बाजूला, उरला नुसता धाक. मग लोक रोगी लपवू लागले. धाकाने रोग हटत नाही, तो आत दडतो.

आता आपल्या बिलोलीकडे पाहू. हा तालुका तेलंगणाच्या सीमेला लागलेला. इथे मराठीबरोबर तेलुगूही चालते. २००५ सालच्या योजनेपासून गावोगाव आशाताई आल्या, साधारण हजार वस्तीमागे एक, त्याच गावच्या. २०२० साली करोना आला तेव्हा राज्यभर ह्याच बाया दारोदार फिरल्या. समजा, एखादी म्हातारी आशाताईला विचारते, "बाई गं, मला दवाखान्यात नेलं तर मी माघारी येईन का?" काय सांगावे? "काही होत नाही" म्हणणे खोटे. गप्प राहणे निर्दय.

लोक घाबरतील म्हणून सत्य झाकावे काय? आमचे मत असे, की झाकू नये. आज झाकलेले उद्या उघडे पडते, आणि मग परवाचे खरेही कोणी मानत नाही. नव्या रोगात तर वैद्यांनाही रोज नवे कळते, कालचा सल्ला आज बदलतो. "इतके कळले आहे, इतके अजून कळायचे आहे, तोवर हे करू या" असे आधीच सांगितले, तर तो बदल फसवणूक वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचेही सांगणे हेच आहे. म्हातारीलाही म्हणावे, "आजी, पुष्कळ जण बरे होऊन येतात, काही येत नाहीत. लवकर गेलं तर बरं." मात्र जे पाळता येईल, तेवढेच कबूल करावे.

आधी ऐकावे, घरच्या भाषेत सांगावे, सांगितलेले त्यांच्याच तोंडून परत ऐकावे, रोग्याचे नाव चव्हाट्यावर नेऊ नये. ह्या गोष्टी एका व्याख्यानाने येत नाहीत, सरावाने येतात. आणि आशाताईलाच खरी माहिती वेळेवर मिळाली नाही, तर ती गावाला काय सांगणार? तो भार वरच्यांचा.

२०२० च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरीस गेल्या आणि वारकरी घरी राहिले. ज्याला कारण उमगते त्याचे मन सावरते. ज्याच्या कानी नुसता हुकूम पडतो तो कष्टी होतो. हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?

तेव्हा ऐकणाऱ्याचाही धर्म आहेच. आशाताई दारी आली तर तिला बसायला द्या, मनातली शंका विचारा, आणि ऐकीव गोष्ट खात्री केल्यावाचून पुढे सांगू नका.